हुकूम पोचण्याआधी

१

शनिवारी सकाळी, कॅलिफोर्नियात फ्रीमाँटमधल्या एका टाउनहाउसच्या दारातून यान्को नावाच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला चार माणसांनी उचलून नेलं. म्हाताऱ्याच्या अंगावर घरातला स्वेटर होता आणि पायात यजमानांच्या सपाता. नेणाऱ्यांच्या तोंडाला फडकी बांधलेली आणि छातीवर 'पोलिस' एवढंच लिहिलेलं. कुठले पोलिस, ते विचारायची सोय नव्हती.

गंमत अशी, आणि ही गंमत रडवणारी आहे, की आदल्याच दुपारी फेडरल कोर्टाच्या न्यायाधीशबाईंनी लेखी हुकूम दिला होता : पुढच्या सुनावणीपर्यंत या माणसाला कोर्टाच्या हद्दीबाहेर न्यायचं नाही. हुकूम कोर्टात होता आणि माणूस संध्याकाळपर्यंत टेक्सासच्या कोठडीत पोचला होता.

रविवारी सकाळी ही सगळी हकीकत रमाबाई मेश्राम यांच्या पुढ्यात आली. रमाबाई नागपूरच्या सेशन्स कोर्टात वर्षानुवर्षं सरकारी वकील होत्या. आता निवृत्त होऊन मुलगा कुशल, सून भावना आणि नात रुही यांच्याकडे सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. नोकरीतून निवृत्त झाल्या होत्या, पण उलटतपासणीतून नाही. घरात साखर संपली तरी त्या आधी साक्षीदार बोलवायच्या.

यान्को त्यांचे शेजारी, भिंतीला भिंत. रोज संध्याकाळी दोघं फिरायला जायची. रमाबाई त्यांना 'जजसाहेब' म्हणायच्या, ते रमाबाईंना 'काउन्सेल', म्हणजे वकीलबाई. परदेशात म्हातारपणी मैत्री होणं म्हणजे लॉटरी लागणं. ती लागली होती, आणि काल कुणीतरी तिकीट फाडून टाकलं होतं.

"मावशी, मी ब्लंडर केलाय की काय, तेच कळत नाहीये," वैदेही म्हणाली. वैदेही यान्कोंची वकील. मिल्पिटासमध्ये वाढलेली, मराठी समजायचं सगळं, बोलायची निम्मं. तिचे डोळे सुजले होते. भावनाने तिच्यापुढे पोह्यांची बशी ठेवली आणि पुन्हा ओट्याशी गेली.

"आधी खा," रमाबाई म्हणाल्या. "मग ब्लंडर."

वैदेहीने लहान मुलासारखी कढीपत्त्याची पानं वेचून बशीच्या काठावर लावली. बारीक, काळपट हिरवी पानं. दोन घास खाऊन ती म्हणाली, "गव्हर्नमेंट म्हणतंय, त्यांना ऑर्डर शनिवारी दुपारनंतर मिळाली. ईमेल कुणी उघडलंच नव्हतं म्हणे. आणि ते तिथे दुसऱ्याच कुणाला तरी शोधत होते, यान्को बाय चान्स दिसले. मंगळवारी हियरिंग आहे. उचलण्याआधी त्यांना ऑर्डर माहीत होती हे मी प्रूव्ह केलं, तर जज त्यांना परत आणायला लावेल. नाही केलं तर बुधवारचं प्लेन."

"आणि प्लेन उतरेल तिथे?"

वैदेहीने बशी सरकवली. "तिथे कोण वाट बघतंय, ते त्यांनी तुम्हाला सांगितलं असेलच."

सांगितलं होतं. म्हणूनच रमाबाईंना रात्रभर झोप नव्हती.

२

यान्कोंचा देश आता नकाशावर नाही. तीस वर्षांपूर्वी तिथे युद्ध झालं, देशाचे तुकडे झाले, आणि जिंकलेल्या तुकड्यात फितुरांना शिक्षा द्यायला खास कोर्टं बसली. यान्को अशा एका कोर्टाचे न्यायाधीश. त्यांच्यापुढे एका शाळामास्तराला आणलं. गुन्हा काय, तर शत्रूच्या फौजेसाठी दुभाष्याचं काम केलं. मास्तर म्हणाला, केलं, पण त्यामुळे गावातली माणसं वाचली. गावातल्या माणसांनीही येऊन तेच सांगितलं. यान्कोंनी त्याला निर्दोष सोडलं. पण नव्या सरकारच्या सुरक्षा पोलिसांना निर्दोष माणसं नको होती. मास्तर घरी पोचलाच नाही. दोन दिवसांनी तो खाणीत मेलेला सापडला.

"मी पोलिसप्रमुखावर वॉरंट काढलं," यान्को एकदा तळ्याकाठच्या बाकावर म्हणाले होते, "आणि त्याच आठवड्यात देश सोडला. काउन्सेल, कोर्टाकडे काय असतं? कागद आणि आवाज. बाकी सगळं पोलिसांकडे."

त्या पोलिसप्रमुखाचे चेले आता तिथे मंत्री होते. त्यांनीच इकडे कळवलं, की हा यान्को स्वतः फितूर होता आणि ते लपवून अमेरिकेत शिरला. इकडच्या इमिग्रेशन खात्याने लगेच त्यांचं ग्रीन कार्ड रद्द करायला घेतलं. तिकडे उतरल्यावर त्यांचं काय होणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

"आता मला सांग," रमाबाई वैदेहीला म्हणाल्या, "यान्को प्रल्हादच्या घरी लपलेत हे कुणाकुणाला माहीत होतं? मला नव्हतं. मला वाटत होतं, ते लिव्हरमोरच्या मोटेलात आहेत."

"बुधवारी कुशलदादाने मोटेललाच ड्रॉप केलं होतं. मला ते सेफ वाटेना. घरात ते जजच्या वॉरंटशिवाय शिरू शकत नाहीत, मोटेलचं काय सांगता येतं? म्हणून गुरुवारी मी त्यांना प्रल्हादकाकांकडे मूव्ह केलं. तुम्हाला, कुशलदादाला, कुणालाच सांगितलं नाही. मी, काका आणि स्वानंदीकाकू. बस."

"आणि हुकूम मिळाल्याचं?"

"शुक्रवारी संध्याकाळी तिथे जाऊन सांगितलं. यान्को इतके खूश झाले! बुधवारी तुम्ही बरोबर दिलेला लाडवाचा डबा त्यांनी परत द्यायला दिला, तो जाताना इथे देऊन गेले. तुम्ही नव्हता."

पौष पौर्णिमेच्या बुद्धवंदनेला रमाबाई त्या संध्याकाळी बाहेर गेल्या होत्या. डबा त्यांनी पाहिला होता, धुऊन रॅकवर पालथा घातलेला.

"म्हणजे तीनच माणसं," त्या म्हणाल्या. "तिघंही आपली. परक्याने गळा कापला तर आरडाओरडा तरी करता येतो."

ओट्याशी भावनाच्या हातून चमचा पडला.

३

प्रल्हादने दार उघडलं तेव्हा तो दोन दिवस दाढी न केलेला दिसला. पुण्याचा माणूस, सांता क्लाराला मोठ्या हुद्द्यावर. नागरिकत्वाची शपथ पुढच्या महिन्यात होती, म्हणजे गमवायला सगळ्यात जास्त त्याच्याकडेच होतं.

"रमाताई, तुम्ही कशाला आलात ते मला कळतंय," तो म्हणाला. "सगळ्यांना वाटतंय मीच टिप दिली."

"वाटायला कारण दिलंस का?"

तो उत्तर द्यायच्या आत त्याची बायको स्वानंदी आतून म्हणाली, "दिलं की! गुरुवारीच म्हणाला होता, हे आपल्या अंगाशी येणार यार, ओथ आहे माझी. आणि मीही म्हणाले होते की शनिवार-रविवार ठेवू, मग दुसरीकडे बघा. लपवत नाही मी." तिचा आवाज चढला आणि मग फुटला. "पण त्या माणसाने दोन्ही दिवस सकाळी माझी कॉफी करून ठेवली हो."

रमाबाईंनी त्यांना सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. रोज सकाळी स्वानंदीची कुंडी गराजमधून उन्हात आणायची असे, आणि ते काम यान्कोंनी आपण होऊन घेतलं होतं. शनिवारी त्यांनी कुंडी बाहेर ठेवली आणि समोरच्या गाडीतून माणसं उतरली. दार वाजवलं नाही, कुणाचं नाव विचारलं नाही.

"दुसऱ्या कुणाचा फोटो दाखवला? कुणाबद्दल चौकशी?"

"छे! सरळ 'यान्को' म्हणून हाक मारली," प्रल्हाद म्हणाला. "मी ओरडलो, कोर्टाची ऑर्डर आहे! एकाने माझ्याकडे पाहिलं पण नाही."

"ते तुझं म्हणणं. ते म्हणतील, तू काही ओरडलाच नाहीस." रमाबाई उठल्या. "कुंडी दाखव."

कुंडीतला कढीपत्ता फ्रीमाँटच्या मराठी मंडळात प्रसिद्ध होता. दुकानात मिळतो तो रुंद पानांचा, वासाला मेलेला. हा गावठी, बारीक पानांचा, लालसर देठांचा. स्वानंदी उन्हाळ्यात एकेक काडी प्रसादासारखी वाटायची.

"आणि बघा काय केलं मेल्यांनी!" स्वानंदी म्हणाली. "थंडीत मी कुणाला पान तोडू देत नाही. गराजमध्ये हीटर लावून जगवते, अख्ख्या मंडळाला माहितीय. मधली फांदीच नेली!"

रमाबाई वाकल्या. फांदी ओरबाडलेली नव्हती, कात्रीने तिरकी, नीट कापली होती. बंदुका घेऊन आलेली माणसं कात्रीने कढीपत्ता कापत नाहीत. कापल्याची जागा सुकून काळी पडली होती.

त्या तशाच वाकलेल्या राहिल्या. कंबर धरली म्हणून नाही.

४

परत येताना प्रल्हाद ड्राइव्ह करत होता आणि रमाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांच्या डोक्यात एकेक साक्षीदार येऊन जात होता.

प्रल्हाद नव्हे. ज्याला गळ्यातलं लोढणं काढायचं असतं तो पोलिसांना स्वतःच्या दारात बोलवत नाही, लोढणं दुसऱ्याच्या गळ्यात घालतो. स्वानंदीचंही तेच. वैदेही तर नव्हेच, तिला पकडून द्यायचं असतं तर तिने हुकूमच मिळवला नसता. तिघंही गेली. म्हणजे चौथं कुणीतरी होतं, ज्याला कुणी काही सांगितलं नव्हतं पण तरी कळलं होतं.

आता डबा. रमाबाईंनी पहिल्यांदा जजसाहेबांना भाकरी-भाजी पाठवली तेव्हा डबा रिकामा परत आला होता. त्यांनी भर रस्त्यात त्यांना फैलावर घेतलं होतं. आमच्यात शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात! न्यायाधीशाने नियम ऐकला आणि पाळला. त्यानंतर डब्यातून लिंबं आली, अक्रोड आले, एकदा घरात काहीच नव्हतं तर दोन पेपरमिंटच्या गोळ्या आल्या. परक्या घरात लपलेला तो म्हातारा शुक्रवारी डब्यात काय घालेल? दाराशी जे हिरवं, वासाचं दिसलं ते. स्वानंदीचा थंडीतला नियम त्याला कुठला माहीत!

आणि तो डबा ज्याने उघडला, त्याला कुणी पत्ता सांगायची गरज नव्हती. जानेवारी महिन्यात मूठभर गावठी कढीपत्ता. तो स्वानंदीने दिला नसणार, कारण ती देत नाही. म्हणजे तिच्या घरात कुणीतरी नवखा आहे. मंडळातल्या कुणाही बाईने हे पाच मिनिटांत ओळखलं असतं. वैदेही स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही, तिने झाकणसुद्धा काढलं नव्हतं.

सकाळच्या पोह्यांचा, त्यातल्या बारीक पानांचा वास रमाबाईंना आत्ता, गाडीत बसल्या बसल्या आला. आपण खाल्ले आपल्याच हाताने, त्यांना वाटलं, आणि आपल्याला कळलं नाही.

घरी भावना कपड्यांच्या घड्या घालत होती.

"भावना, शुक्रवारी डबा आला तेव्हा त्यात काय होतं गं?"

"काही नाही, आई." तिने मान वर केली नाही. "रिकामाच होता."

५

सोमवारी भावना ऑफिसला गेली नाही. रुहीला शाळेत सोडून आली आणि कुशलच्या शेजारी सोफ्यावर बसली. दोघंही रमाबाईंची वाट बघत असल्यासारखी. कुशलचा जॉब सहा महिन्यांपूर्वी गेला होता. आता घराचं भाडं, तिघांचं इथे राहणं, सगळं भावनाच्या व्हिसावर उभं होतं.

"आई, मी सांगितलं त्यांना," कुशल एका दमात म्हणाला. "त्या खात्याच्या एजंटला. मीच. आता तू मला काय म्हणायचं ते म्हण."

रमाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी धाकट्या बहिणीने बरणी फोडली तरी हा पुढे यायचा. खोटं तेव्हाही जमायचं नाही.

"काय सांगितलंस?"

"की यान्को कुठे आहेत."

"कुठे आहेत म्हणून सांगितलंस? तू त्यांना मोटेलात सोडून आला होतास. गुरुवारी हलवलं ते तुला माहीत नव्हतं. तू सांगितलं असतंस तर ते मोटेलात गेले असते. तिकडे कुणी फिरकलं पण नाही."

कुशलने भावनाकडे पाहिलं.

"बस कर रे," भावना म्हणाली. तिचा आवाज इतका साधा होता की रमाबाईंना राग आवरेना.

"कढीपत्ता होता ना?"

"हो."

"आणि मला म्हणालीस, रिकामा."

"काय म्हणणार होते, आई?" भावना रडत नव्हती. रडणं बहुधा आधीच संपलं होतं. "गुरुवारी ऑफिसच्या पार्किंगमध्ये एक माणूस आला. नाव घेऊन बोलला. माझं, कुशलचं, रुहीचं. तुमच्या परतीच्या तिकिटाची तारीखसुद्धा. म्हणाला, व्हिसा रिन्यूअल आहे ना तुमचं, शेजारी कुठे आहे तेवढं सांगा. मी म्हणाले, माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं, मोटेलचंही तुम्ही दोघांनी मला सांगितलं नव्हतं! त्याने कार्ड दिलं. मग शुक्रवारी वैदेही डबा घेऊन आली, नाचतच आली. म्हणाली, ऑर्डर मिळाली, आता त्यांना कुणी हात लावू शकत नाही. ती गेल्यावर डबा उघडला."

"आणि फोन केलास."

"केला. मला वाटलं, कोर्टाने सांगितलंय की न्यायचं नाही, मग ते कुठे आहेत हे कळून काय बिघडतं? त्यांचं काही जाणार नाही आणि आमचं वाचेल. मी त्याला स्पष्ट सांगितलं, आई. म्हणाले, ते प्रल्हाद आणि स्वानंदीकडे आहेत, पण आज कोर्टाची ऑर्डर झालीय, आता तुम्ही त्यांना नेऊ शकत नाही."

रमाबाई पुढे सरकल्या. "तो काय म्हणाला?"

"म्हणाला, ऑर्डर? आमच्यापर्यंत अजून काही पोचलेलं नाही. थँक यू, मॅम."

मंगळवारी कोर्टाला हवा होता तो पुरावा रमाबाईंच्या सोफ्यावर बसला होता. उचलण्याआधी त्यांना हुकूम माहीत होता. सांगणारी होती, फोनची नोंद होती.

नागपूरला असत्या तर त्यांनी अर्ध्या तासात समन्स काढलं असतं. अशा किती बायका त्यांनी पिंजऱ्यात उभ्या केल्या होत्या, आणि बाहेर पडल्यावर त्या घरी कशा गेल्या ते कधी विचारलं नव्हतं. आज घर त्यांचं होतं. सुनेचा राग येत होता, इतका की तिच्याकडे बघवत नव्हतं. आणि ही उद्या बोलली तर परवा हिचा व्हिसा, मुलाचं राहणं, इथेच जन्मलेल्या नातीची शाळा, सगळं त्या पार्किंगमधल्या माणसाच्या हातात. गप्प राहिली तर जजसाहेब खाणीत.

"मी वैदेहीला काही सांगणार नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "मी सांगितलं तरी तो ऐकीव पुरावा. बोलायचं तर तूच बोलायला हवं. नाही बोललीस तर मी तुला कधी विचारणार नाही."

"कधी माफ करणार नाही, असं म्हणा."

रमाबाई खोटं बोलल्या नाहीत. त्या उठून आपल्या खोलीत गेल्या.

६

मंगळवारी सॅन होजेच्या कोर्टात गर्दी नव्हती. असल्या खटल्यांना आता गर्दी होत नाही, रोज मरे त्याला कोण रडे. सरकारी वकील तरुण होता, सूट नवा होता. त्याच्या मागे खात्याचा एक अधिकारी हाताची घडी घालून बसला होता. सरकारी वकिलाने तेच सांगितलं. ईमेल उशिरा उघडलं गेलं, माणूस योगायोगाने दिसला, खात्याला कोर्टाबद्दल नितांत आदर आहे.

न्यायाधीशबाईंनी वैदेहीकडे पाहिलं. "काउन्सेल, तुमच्याकडे याच्याविरुद्ध काही आहे?"

वैदेही उभी राहिली. तिच्याकडे काही नव्हतं. रमाबाई मागच्या बाकावर हात घट्ट धरून बसल्या होत्या. शेजारची जागा रिकामी होती, सकाळी निघताना भावनाच्या खोलीचं दार बंद होतं आणि त्यांनी ते वाजवलं नव्हतं.

"युअर ऑनर," वैदेही म्हणाली आणि थांबली, कारण कोर्टाचं दार उघडलं होतं.

भावना आत आली. ऑफिसचाच कोट, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र काढायचं राहून गेलेलं. कुशल तिच्या मागे होता. ती मधल्या वाटेने सरळ पुढे गेली आणि म्हणाली, तिला शुक्रवारच्या फोनबद्दल सांगायचं आहे.

तिने सगळं सांगितलं. पार्किंगमधला माणूस, डबा, फोन. हुकुमाबद्दलचं स्वतःचं वाक्य शब्दन् शब्द आणि त्याचं उत्तरही. फोन काढून नोंद दाखवली. सरकारी वकील आक्षेप घ्यायला उठला आणि बाईंनी त्याला हातानेच बसवलं. मागच्या अधिकाऱ्याने घडी सोडून भावनाच्या ओळखपत्रावरचं नाव वाचलं. रमाबाईंनी ते पाहिलं. भावनानेही पाहिलं, आणि तिने ओळखपत्र झाकलं नाही.

"तुम्ही हे सांगायला आलात," न्यायाधीशबाई म्हणाल्या, "त्याचा तुम्हाला त्रास होऊ शकतो, याची कल्पना आहे ना?"

"आहे. शुक्रवारी मी तुमच्या ऑर्डरवर विसंबून तोंड उघडलं," भावना म्हणाली. "आज गप्प बसले तर ती नुसती सबब ठरेल."

न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांचा आवाज चढला नाही. खात्याने जाणूनबुजून हुकूम मोडला आहे. यान्कोंना आज संध्याकाळपर्यंत याच इमारतीत हजर करावं. फोन घेणाऱ्या अधिकाऱ्याने स्वतः येऊन उत्तर द्यावं. वैदेहीने तोंडावर हात घेतला.

तेव्हा मागच्या अधिकाऱ्याने वाकून सरकारी वकिलाच्या कानात काहीतरी सांगितलं. तो तरुण पांढरा पडला. त्याला हे माहीत नसावं, एवढं रमाबाईंनी त्याच्या बाजूने मान्य केलं.

"युअर ऑनर, मला आत्ताच कळतंय... बुधवारचं विमान अलीकडे आणण्यात आलं होतं. ते काल संध्याकाळीच सुटलं."

"कुठे आहे ते?"

"उतरलंय, युअर ऑनर."

न्यायाधीशबाईंनी पेन पुन्हा उचललं. मग त्यांनी टंकलेखिकेला सांगितलं, की हुकूम तसाच लिहून घ्या, एक शब्द गाळू नका. सगळे तो लिहिला जात असताना ऐकत बसले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

पार्किंगमध्ये कुशल गाडी आणायला गेला. भावना खांबाला टेकून उभी होती. तिचा फोन वाजला, तिने ऑफिसचं नाव बघितलं आणि तो वाजू दिला.

"आई," ती म्हणाली, "मग मी बोलून उपयोग काय झाला?"

रमाबाईंना तळ्याकाठचा बाक आठवला. त्या रडल्या, उभ्या उभ्या, लोकांच्या देखत, आणि मग म्हणाल्या, "आता त्यांना 'आम्हाला माहीत नव्हतं' असं म्हणता येणार नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

भावनाने मान हलवली. फोन पुन्हा वाजायला लागला. रमाबाईंनी सुनेचा हात धरला, आणि तिने दुसऱ्या हाताने फोन उचलला.